चिखलातली पारख

सावली गावच्या देवाजीला गाड्यांचा भारी नाद, आणि नाद लागला की शहाणपण उंबऱ्याबाहेरच थांबते. पाऊस उघडून जंगलाच्या वाटा वाळू लागल्या की सागवान नि बांबू भरलेले ट्रक कुठे ना कुठे अडून बसत. मग निरोप येई, आणि देवाजी सायकलला हत्यारांची पेटी बांधून निघे. गेल्या वर्षी आरमोरीच्या वाटेवर ट्रक उचललेला असताना जॅक खाली बसला आणि चाकाखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली.

चारचौघांत त्याने ते हसण्यावारी नेले. त्याच्या बायकोने, रंभाने, नेले नाही. तो भात कालवायला बसला की ताटाशेजारी टेकलेला डावा हात तिला दिसे आणि ती नजर वळवी. तिने निक्षून सांगितले, की नवा जॅक घ्यायचा तर तिच्या डोळ्यांदेखत. नाहीतर पेटी मोडीत घालून धानाच्या बांधीत शेतीला उतरायचे. देवाजीला गाडीवाचून जगणे म्हणजे अळणी भाजी. म्हणून दोघे चांद्याला आले.

नथ्थूभाऊ तिथे जुन्या लॉऱ्यांचे सामान विकायचे. त्यांनी आधी तेलाचा जॅक पुढे केला. छोटा, गुटगुटीत. दांडी खालीवर केली की आतल्या तेलाच्या दाबाने गाडी आपोआप उचलली जाई.

"हाच पायजे," देवाजी हरखून म्हणाला. "सायकलवर मावते. झटक्यात काम!"

दुसरा आट्यांचा, म्हणजे स्क्रूचा. लोखंडाचे धूड नुसते. दांडा फिरवून फिरवून घाम गाळा, तेव्हा कुठे तसूभर वर चढणार. देवाजीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"नथ्थूभाऊ," रंभा म्हणाली, "आमच्याकडं बैल घेताना त्याले चिखलात जुंपून पायतात. दाव्याले बांधलेला बैल कोनताबी चांगलाच दिसते. हे दोनी मले चिखलात दाखवा."

"अवं, जॅक काय बैल हाये?" देवाजी ओशाळला.

नथ्थूभाऊंना मात्र हसू आले. बैलबाजार त्यांनीही पाहिले होते. त्यांनी आपला जुना ट्रक तळ्याकाठच्या ओल्या मातीत नेऊन उभा केला. खाली जाड फळी घातली, फळीवर तेलाचा जॅक, आणि चाक वर आले. रंभाने चाकाखाली एक सुकी गोवरी सरकवली; वर थोडी फट राहिली.

"आता चहा घेऊ," ती म्हणाली. "बैलाले बी फेरभर चालवतात."

चहा झाला, तंबाखू झाली, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. परत येऊन पाहिले तर चाक गोवरीवर टेकले होते आणि गोवरीचा भुगा झाला होता. फळी जागची हलली नव्हती. जॅकच हळूहळू खाली आला होता.

"आतला रबराचा वायसर जुना असन, तेल झिरपते," नथ्थूभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "बदलून देतो."

मग आट्यांचा जॅक लावला. देवाजीने घाम गाळून चाक वर घेतले. नवी गोवरी, पुन्हा गप्पा. गोवरी जशीच्या तशी राहिली.

तरी नाद तो नादच. "पाय ना रंभे, याचं वजन किती हाये," देवाजी कुरकुरला. "सायकल मोडन. डायवर लोक हसतीन मले. तेलाच्याचा वायसर बदलून घेऊ, मंग काय होते त्याले?"

रंभा चिखलात बसली, गोवरी बाजूला केली आणि त्या जागी, चाकाखाली, स्वतःचा हात ठेवला.

"काढ हात!" देवाजी ओरडला.

"काऊन? तुमचा हात जाते तवा चालते?"

"काढ म्हणतो ना!"

"इथी तेलाचा लावा. वायसर बदलून लावा. मी हात काढत नाई. लावता काय, सांगा."

चाकाखाली हाड कसे वाजते ते देवाजीइतके कोणाला ठाऊक होते? आपण हसून बोललो, तेव्हा ही वर्षभर काय गिळत होती, हे त्याला त्या चिखलात समजले. तो गुडघ्यांवर बसला आणि तिचे मनगट धरून हात बाहेर ओढला.

"आट्यांचा बांधून द्या, नथ्थूभाऊ," तो म्हणाला. रंभाचे मनगट त्याने अजून सोडले नव्हते.