शांतम्मांचं इष्टलिंग ओव्हनात

उंदरांच्या भीतीनं सुनेनं शांतम्मांचं इष्टलिंग रात्री ओव्हनात ठेवलं, आणि ओव्हनाचीच दातखीळ बसली! उमादेवी बटण दाबून दाबून थकली, दार काही हलेना.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालचा उन्हाळा. उकाड्यानं म्हातारीच्या छातीवर घामोळं फुटलं, तसं डॉक्टरांनी गळ्यातलं लिंग रात्रीपुरतं काढायला सांगितलं. म्हातारीच्या अगदी जिवावर आलं होतं. "माझ्याकडं द्या, मी सांभाळते," असं सूनबाईच म्हणाली होती. घे, सांभाळ आता! लिंगपूजेशिवाय शांतम्मा पाण्याचा थेंब घेत नसत. वय पंच्याहत्तर, आणि घड्याळात अकरा वाजून गेलेले.

"आत्या, दोन घोट घ्या की. देव समजून घेईल."

"देवाचं राहू दे. मला समजत न्हाई व्हय?" शांतम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठांना पापुद्रे सुटले होते.

नवरा वीरण्णा नांदेडला नोकरीला. उमादेवीनं त्याला तिसऱ्यांदा फोन लावला.

"प्लग काढलास का?"

"कवाच काढलाय. काच फोडू का?"

"येडी हायस का? काच पडून लिंग भंगलं तर आई अन्नपाणीच सोडील. बटणाच्या बाजूला फटीत बघ. दाराचे दोन आकडे आत अडकलेत. पातळ कायतरी घाल अन् वर ढकल."

चाकू जाड पडला. प्लास्टिकची पट्टी वाकली. इतक्यात शांतम्मांची मान कलंडली, आणि उमादेवीच्या काळजाचं पाणी झालं. म्हातारीला काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील, ते एक. पण त्याहून जास्त म्हणजे ती म्हातारी तिला हवी होती.

तिनं भाकरीचं उलथणं फटीत सारलं, गुडघ्यानं दार आत दाबलं आणि दातओठ खाऊन वर रेटलं. खट्कन दार उघडलं.

"आत्या! मिळालं बघा!"

शांतम्मांनी डोळे उघडले, तळहातावर लिंग घेतलं, पूजा केली, मग तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. चेहऱ्यावर जरा जीव आला.

"माझंच चुकलं, आत्या."

"तुझं न्हाई." म्हातारीनं मान खाली घातली. "पहाटं लिंगाबिगर जीव राहिना. बटण काय समजंना, म्हणून दार धरून ओढलं. कट्कन वाजलं."

"मग सकाळपास्नं बोलला का न्हाईत?"

"महागाची वस्तू. मोडली म्हणून तू रागावशील, असं वाटलं बाई."

"अहो, जीव गेला असता की!"

उमादेवीला राग आला, लई राग आला. घरच्या मोठ्या बाईनं एका डब्यापायी एवढं भ्यावं! पण तो राग काढायचा कुणावर? ओव्हन घरात आला त्या दिवशी "आत्या, ह्याला हात लावायचा न्हाई," असं म्हातारीवर खेकसणारी तीच होती.