मालकाचा रकाना

अर्ध्या मगभर पाण्यात सांडूनं दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, नखं एकमेकांवर घासली आणि हात तसेच वर धरून तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. कोपरांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. निशा पलंगावर बसली होती. गाऊनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"येऊ का आत?"

"नको."

तो हलला नाही. हातही खाली घेतले नाहीत. एकदा धुतल्यावर ते कशालाच लावायचे नसतात, हे पिशोरच्या जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं त्याच्या अंगात मुरलेलं. ओळखपत्रावर त्याचा हुद्दा व्रणोपचारक असा होता. गावात कुणी तो शब्द उच्चारला नाही. जखमा धुणारा सांडू, एवढंच.

"बाबा, मी बैल नाही."

"व्हय. बैल बरा. नाय म्हणत नाय."

निशाला हसू आलं नाही. सकाळपासून तिला कशाचंच हसू आलं नव्हतं. रोज पट्टी बदलायला येणारी नर्स काल संध्याकाळी पाइपलाइनसाठी खोदलेल्या रस्त्यात स्कूटीसकट पडली आणि आता तिचाच पाय प्लास्टरमध्ये होता. मग आज सकाळी प्रणयनं, निशाच्या नवऱ्यानं, प्रयत्न केला. तोंड भिंतीकडं करून त्यानं पट्टी ओढली. ती जखमेला चिकटली होती. निशा ओरडली, प्रणयनं वळून पाहिलं आणि तो खालीच बसला. तिनंच त्याला पाणी दिलं. मग तो चिकलठाण्याला ड्यूटीवर गेला, आणि जाताना सासऱ्याला म्हणाला, "मामा, तुम्ही बघा ना काही जमतं का."

म्हणजे ठरवलं त्यांनी. परस्पर.

"चार दिस झाले, वास येतो हाय," सांडू दारातूनच म्हणाला. "गोडूस वास. मी हॉलमधी झोपतो. मला येतो."

निशानं खिडकीकडं तोंड फिरवलं. समोर नवी बारा मजली इमारत उठत होती. तिचे नकाशे निशानंच काढले होते. पाण्याची टाकी दर महिन्याला मोठी करायला लावत होते बिल्डरचे लोक. टाकी मोठी करता येते. पाणी कुठून आणणार, तो रकाना नकाशात नसतो.

मग तिनं वरचं बटण काढलं.

*

झालं होतं ते एवढंच. अठरा दिवसांपूर्वी निशानं आपले दोन्ही स्तन काढून घेतले. दोन्ही निरोगी होते.

सांडूची बहीण आवडाबाई स्तनाच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा निशा शाळेत होती. निशाची मोठी बहीण विशाखाही त्यानंच गेली, चाळिशीच्या आत. शेवटच्या वर्षात विशाखाच्या रक्तात एक दोष निघाला, जन्मापासूनचा, वाट्याला आलेला. निशाच्या रक्तातही तोच निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा शंभर बायकांतल्या सत्तरेक जणींना कधी ना कधी होतो. निशा सदतीस वर्षांची होती. तिनं विचार करायला आठ महिने घेतले आणि मग सही केली. काढल्यावर आत सिलिकॉन बसवलं. उजवी बाजू सरळ भरून आली. डावीची कड काळी पडत गेली, मग शिवण दोन बोटं उसवली. काल डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं: शुक्रवारपर्यंत वाट बघू. आत लाल मांस धरलं तर ठीक. नाहीतर डावीकडचं काढून टाकावं लागेल.

आज मंगळवार.

वरच्या मजल्यावरच्या काकू नारळपाणी घेऊन आल्या होत्या. "काही झालेलंच नव्हतं ना?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा निशा म्हणाली, "हौस." काकूंनी रिकामा ग्लाससुद्धा नेला नाही.

प्रणयनं कंपनीत सांगून टाकलं होतं की गाठ होती. सांगायला सोपं पडतं म्हणाला. तेव्हापासून त्याचे मित्र फोनवर तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. जो आजार व्हायच्या आत तिनं पळवून लावला, तोच नवऱ्यानं दारातून आत आणून बसवला होता.

पण खरा राग बापावर.

दोष आईकडून आला की बापाकडून, हे कळायला हवं होतं. आई किडनीच्या आजारानं आधीच गेलेली. राहिला सांडू. त्याच्या रक्तात निघाला तर त्याच्या भावाकडंही असू शकतो, आणि पिशोरला राहणाऱ्या भावाला, कडुबाला, तीन मुली. थोरलीची सोयरीक जुळत आलेली. निशानं गेल्या वर्षी तपासणीचा फॉर्म भरला, बापाचं नाव घातलं आणि सहीसाठी पुढं केला.

"मला काय छाती हाय का?" सांडू म्हणाला होता. मग खाली बघून, "अन् निघालं तर? कडुबाच्या पोरींना कोण करून घेईल?"

"मग त्यांच्या पुण्यानुमोदनाला जाऊ आपण. विशाखाच्या गेलो तसं."

तो उठून बाहेर गेला होता. फॉर्म अजून तिच्या फाइलमध्ये होता, सहीची जागा कोरी.

*

पट्टी काढायला त्याला दहा मिनिटं लागली. आधी सलाइननं ती पूर्ण भिजवली आणि नुसता थांबला. ओढली नाही. ती सुटली तेव्हा निशाला कळलंही नाही. त्यानं जखमेकडं पाहिलं, फक्त जखमेकडं. बाकी सगळ्या अंगावर त्यानं धुतलेला टॉवेल टाकला होता, मधे हाताएवढी जागा ठेवून.

निशा छताकडं बघत होती. तिला म्हणायचं होतं: ही तुमची देणगी आहे. म्हणायचं होतं: विशाखाच्या वेळी कुठं होते हे हात? म्हणायचं होतं: बघा नीट, कडुबाकाकाच्या पोरींना द्यायचंय ना तुम्हाला हेच.

म्हणाली, "पंखा बंद करा. धूळ उडते."

सांडूनं कोपरानं बटण दाबलं. परत येऊन वाकला.

"हे आपोआप उसवलेलं नाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कड काळी पडली ती रक्ताच्या कमीनं. ते तुझ्या हातात नव्हतं. पण टाका वरून खाली फाटला हाय. खांदेसूज उतरायच्या आत बैल जुंपला ना, तर असाच फाटतो." त्यानं नवी जाळीची पट्टी उचलली. "काय ओढलं?"

निशानं नजर बंद पंख्यावर नेली.

गेल्या शुक्रवारी, पाणी आठव्या दिवशी येतं तसं आलं होतं. सकाळी अकराला, चाळीस मिनिटं. प्रणय ड्यूटीवर. सांडू औषधं आणायला खाली गेलेला. नळाखालचा ड्रम भरून वाहायला लागला, दुसरा रिकामा ड्रम कोपऱ्यात. पाणी मोरीतून चाललेलं बघवेना. या गारखेड्यात कुणाला बघवलं असतं? तिनं भरलेला ड्रम डाव्या हातानं ओढून बाजूला केला. आत कुठंतरी कापड फाटावं तसा बारीक आवाज झाला. मग तिनं दुसरा ड्रम लावला. तोही भरला. डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. प्रणयलाही नाही. आठ महिने विचार करून वाचवलेलं आयुष्य, आणि चाळीस लिटर पाण्यासाठी.

"काही नाही ओढलं," ती म्हणाली.

"बरं," सांडू म्हणाला, आणि पट्टी लावली.

*

बुधवारी तो धुतलेले हात वर धरून आला तेव्हा तिनं काही न बोलता बटणं काढली. पट्टी झाल्यावर तो हॉलमध्ये जाऊन काहीतरी लिहायला बसला. निशा पाणी प्यायला उठली तर त्याच्या मांडीवर दवाखान्यातलं जुनं लांब रजिस्टर. ती पाठीमागं उभी राहून वाचायला लागली.

मालक: निशा, स्वतः.
जनावर: (खोडलेलं.)
जखम: डावी बाजू, शिवण उसवली, दोन बोटं. कड काळी.
इलाज: सलाइन, जाळीची पट्टी, रोज.
शेरा: ओढ बसली. आज तळाला एका जागी लाल.

"माझं नाव ढोरांच्या रजिस्टरात लिहिलं तुम्ही."

सांडू दचकला नाही. "कोरं हाय. रिटायर झालो तव्हा उरलं. लिहिल्याबिगर मला काल अन् आज कळत नाय."

"मालक स्वतः म्हणजे काय?"

"मंग कोण?"

"चेष्टा करताय?"

"चेष्टा कशाला करू?" त्यानं पेनाचं टोपण लावलं. "कापायचं का ठेवायचं, ते मालकाला इचारावं लागतं. मालकानं हो म्हणल्याबिगर आम्ही ब्लेड लावत नव्हतो. तू कुणाला इचारलं? मला नाय. प्रणयरावाला बी सही करून आल्यावर सांगितलं. मंग मालक तूच."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नको म्हणलो असतो."

"म्हणूनच."

"व्हय," सांडू म्हणाला. "म्हणूनच तर तसं लिहिलं."

तिला आणखी भांडायचं होतं. शब्द तयार होते, अठरा दिवसांचे, वर्षाचे. "विशाखाला मालक होताच आलं नाही," ती म्हणाली. "कळलं तेव्हा उशीर झाला होता. माझ्याजवळ दुसरं काय होतं? वेळेत कळलं, एवढंच. ही जखम भरो न भरो, मला वेळेत कळलं."

सांडूनं रजिस्टर मिटलं. मग पुन्हा उघडलं, शाई वाळली का ते बघितलं आणि मिटलं.

*

शुक्रवारी दवाखान्यात तिनं फाइल बापाकडं दिली आणि पडद्याआड टेबलावर जाऊन झोपली. सांडू पडद्याच्या अलीकडं उभा राहिला. त्याच्या चपला पडद्याखालून दिसत होत्या.

डॉक्टरबाई वाकून बघत राहिल्या. "ड्रेसिंग कोण करतंय?"

"वडील."

"डॉक्टर आहेत?"

"जनावरांचा ड्रेसर," पडद्यापलीकडून आवाज आला. "डाक्टर नाय, मॅडम."

"सुरेख केलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या सुरात पुढचं वाक्य काय असणार ते निशाला कळलं. लाल मांस धरलं होतं, पण एकाच जागी. बाकीची कड आणखी मागं सरकली होती, आणि आतलं सिलिकॉन दिसायला लागलं होतं. "मधे काही जड उचललंत का? ताण बसल्यासारखं दिसतंय."

"नाय मॅडम," पडद्यापलीकडून लगेच. "पलंगावरून उठली नाय ती."

निशानं पडद्याखालच्या चपलांकडं पाहिलं. आयुष्यात या माणसानं तिच्यासाठी खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. तिला त्याचाही राग आला.

"ड्रम ओढला," ती म्हणाली. "पाण्याचा. भरलेला. मागच्या शुक्रवारी. हे खोटं बोलतायत."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. "त्यानं झालं असेल, नसेलही. कड आधीच खराब होती. मला तसं सांगता येणार नाही." मग, "सोमवारी डावीकडचं काढू. सहा महिन्यांनी पुन्हा बसवता येतं."

"सहा महिन्यांनंतरचं मी ठरवीन."

"अर्थात तुम्हीच."

ती उठून गाऊन नीट करेपर्यंत पडद्याखाली चपला नव्हत्या.

बाहेरच्या बाकावर तिची फाइल होती. सांडू नव्हता. चहाच्या टपरीवरही नाही. निशा चिडून परत आली. इथंही सोडून गेला, असं मनात आलं. बाकावर बसून तिनं फाइल उघडली. तपासणीचा फॉर्म जागेवर नव्हता.

वीस मिनिटांनी सांडू कॉरिडॉरच्या टोकाकडून चालत आला. डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली, कोपरात कापसाचा बोळा, त्यावर चिकटपट्टी. तो तिच्याशेजारी बसला, मधे एका माणसाची जागा सोडून.

गेल्या वर्षी का नाही, हे निशाला विचारायचं होतं. विशाखा होती तेव्हा का नाही, हेही. त्याच्या कोपरात कापसाभोवती निळसर पडायला लागलं होतं.

"दाबून धरा ते," ती म्हणाली. "एवढं पण कळत नाही ड्रेसरला."

त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं. मग दुसऱ्या हातानं पिशवीतलं रजिस्टर काढून तिच्या मांडीवर ठेवलं. आजच्या तारखेखाली दोन नोंदी होत्या. पहिली तिची, तिचा शेरा कोरा. दुसरी घाईघाईत लिहिलेली.

मालक: सांडू मोतीराम.
जखम: दिसत नाही.
इलाज: रक्त दिले. निकाल तीन आठवडे.
शेरा: कडुबाला सांगणे. तिन्ही पोरींना.

निशानं दोनदा वाचलं. मग पेन मागितलं. आपल्या नोंदीपुढं, कोऱ्या शेऱ्यात, तिनं लिहिलं: सोमवारी काढणे. मालकाची हरकत नाही. पेन परत द्यायला हात पुढं केला, थांबली आणि बापाच्या नोंदीत 'सांगणे'च्या वर बारीक अक्षरात घातलं: उद्या. निकालाची वाट न बघता. पुढं तारीखही टाकली.

सांडूनं रजिस्टर डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. ओठ हलले. समोर एक बाई पाण्याची रिकामी बाटली कूलरखाली धरून उभी होती. कूलरमधून काही येत नव्हतं, तरी ती धरून होती.

"उद्या पाणी यायचं हाय," तो म्हणाला. "ड्रमला प्रणयरावाला थांबव."

"थांबवते."

त्यानं रजिस्टर पिशवीत घातलं, बाही खाली ओढून गुंडी लावली.

"पिशोरची पैली गाडी," त्यानं विचारलं, "किती वाजता निघते?"