लाडकीची खाडी

तुर्कस्तानातल्या आयवालिकच्या धक्क्यावर सानिये आयुष्यात हजारदा आली असेल, पण दरवेळी हातात पातेलं घेऊन. आज पहिल्यांदाच ती रिकाम्या हातांनी आली होती आणि त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने ते पर्सवर घट्ट मिटून ठेवले आणि अंकाराच्या, बुर्साच्या पाहुण्यांमागे तिकिटाच्या रांगेत उभी राहिली.

तिचा नवरा हिल्मी याच धक्क्यावरचा कप्तान. सकाळी पाहुण्यांना बोटीत भरायचं, बेटाबेटांतून फिरवायचं, चार खाड्यांत पोहायला सोडायचं, मध्ये मासे खाऊ घालायचे आणि ऊन उतरलं की परत आणून सोडायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. मे ते ऑक्टोबर, एक दिवस खाडा नाही. वारा फारच पिसाळला तर तेवढी सुट्टी. बोटीवर फक्त मासे तळले जात. बाकीचं सगळं सानिये घरी रांधायची: भाजलेल्या वांग्याची कोशिंबीर, भात, समुद्रकाठच्या खारट भाजीवर ऑलिव्हचं तेल आणि ठेचलेला लसूण. बोट सुटायच्या आत पातेली धक्क्यावर पोचवायची आणि भोंगा वाजला की पाठ फिरवून घरी यायचं. कुठकुठल्या मुलखांतल्या लोकांनी तिच्या हातचं वांगं बोटं चाटून खाल्लं होतं. ज्या पाण्यावर बसून त्यांनी ते खाल्लं, ते मात्र तिने लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

न पाहायला कारण होतं. लग्नानंतरचा पहिलाच हंगाम होता. पातेली उतरवून देताना तिच्या कानावर पडलं, हिल्मीने चौथ्या थांब्याला नाव ठेवलंय, लाडकीची खाडी. बोटवाले एकमेकांना कोपराने ढोसत हसत होते. सानियेला पाहून जरा जास्तच हसले.

आता लाडकी म्हणजे कोण? हिल्मीने तिला कधी लाडकी म्हटलं नव्हतं. लाडकीच काय, दुसरंही काही म्हटलं नव्हतं. बोटीवर दिवसभर माईकवर बडबडणारा हा माणूस, घरात आला की तोंडाला कुलूप. मीठ कमी आहे, छप्पर गळतंय, उद्या वारा आहे. एवढ्यावर संसार चालला होता. तेव्हा ती लाडकी दुसरी कुणीतरी होती, हे उघड होतं. सानियेने मनातल्या मनात ती उभीही केली. इस्तंबूलची, गोरीपान, काळा चष्मा, लाल पोहायचा पोशाख. इतकी वर्षं लोटली, पण त्या बाईचं वय तिने एका दिवसानेही वाढू दिलं नाही.

विचारलं मात्र कधीच नाही. जिथे दुसरीचं नाव लागलंय, तिथलं मला काय विचारायचं, असा तिचा ताठा. धक्क्यावरचा रिवाज असा की हंगामाच्या पहिल्या दिवशी कप्तान आपापल्या घरच्यांना फिरवून आणतात. त्या दिवशी पाहुणे नसतात. कप्तानांच्या बायका हलव्याची ताटं घेऊन बोटीच्या टोकाला मांड्या घालून बसतात आणि संध्याकाळी उन्हाने लाल होऊन, भांडून, हसून परत येतात. दर वर्षी त्या सकाळी हिल्मी दारात अर्धा बूट घालून थांबायचा.

"येतेस का?"

"मला बोट लागते."

तो जरा वेळ तसाच उभा राहायचा, मग टाचेत बोट घालून बूट वर ओढायचा आणि निघायचा. जुंदा बेटावरच्या मासेमाराची मुलगी, बापाच्या होडीत रांगायला शिकलेली, तिला म्हणे बोट लागते! पण तीही पुढे बोलली नाही आणि त्यानेही पुढे विचारलं नाही.

हिल्मीला जाऊन दोन वर्षं झाली. आता इझ्मीरला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं होतं, घराला कुलूप लागणार होतं. सानियेने मनाशी ठरवलं, जाण्याआधी ती खाडी बघायची आणि त्या बाईचं नाव काढून घ्यायचं. भांडायला आता कुणी उरलं नव्हतं, पण आपण कुणापायी हरलो एवढं तरी माणसाला कळायला नको?

"वहिनी!" फळीवरून ताहिर अनवाणी धावत आला. हिल्मीच्या हाताखाली दोर ओढता ओढता म्हातारपणाला लागलेला हा खलाशी आता त्याच बोटीचा कप्तान होता. "तुम्ही आणि रांगेत? धक्क्यावर माझी अब्रू काढता का?"

"गप रे. आज मी पाहुणी आहे."

"पण तुम्हाला तर बोट लागते."

"लागली तर समुद्रात ओकेन. तुझा डेक खराब नाही करणार."

ताहिर हसला, पण डोळ्यांनी नाही. तिला टोकाजवळच्या बाकावर बसवून तो सुकाणूकडे गेला आणि जाताना त्याने दोनदा वळून बघितलं.

शेजारी पेरिहान नावाच्या बाई होत्या. अंकाराच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पायातल्या चपला काढून ऐसपैस बसलेल्या. बोट सुटायच्या आत त्यांनी सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली, सुनेची तीन गाऱ्हाणी सांगितली आणि सानियेचं वयही काढून घेतलं.

"एकट्याच आलात?"

"हो."

"बरं केलंत. नवरे बरोबर असले की सारखं क्रीम लाव, पाणी दे. माझ्याला मी हॉटेलातच झोपवून आले."

बोट बाहेर पडली. पहिली लाट अंगाखालून गेली आणि सानियेच्या पायांनी आपसूक तोल सावरला. तिला काही शिकवावं लागलं नाही. खारं पाणी तोंडावर उडालं. बाप आठवला, होडी आठवली, आणि मग सुकाणूकडे नजर गेली. तिथे एक पाय दुमडून उभा राहणारा हिल्मी आता नव्हता. तो हवा होता. अगदी आत्ता, इथे हवा होता, निदान रागवायला तरी.

पहिल्या खाडीत पोरंटोरं बदाबद उड्या मारून पोहली. दुसऱ्या खाडीत संगीत इतकं मोठ्याने लागलं की बगळेसुद्धा उठून गेले. तिसऱ्या खाडीत जेवण. तळलेली तारली, भात आणि वांग्याची कोशिंबीर, जी आता ताहिरची बायको करायची.

"काय चव आहे!" पेरिहानबाई ब्रेडने ताटली पुसत म्हणाल्या.

"व्हिनेगर जास्त पडलंय."

"तुम्ही भारी चिकित्सक हो."

"वांगं आधी निथळू द्यावं लागतं. घाई केली की असं होतं," सानिये म्हणाली आणि अर्धी कोशिंबीर तशीच ठेवली.

जेवणं उरकली, चहा फिरला. तेवढ्यात ताहिरने माईकवर सांगितलं की वारा फिरलाय, चौथी खाडी आज राहू दे, इथेच आणखी पोहून घ्या. सानिये चहाचा ग्लास तसाच हातात घेऊन सुकाणूपाशी गेली.

"कसला वारा रे? चहाची वाफ सरळ वर चाललीय."

ताहिर पायाच्या अंगठ्याने फळी खरवडत राहिला. "नको ना, वहिनी."

"तिचं नाव सांग."

"कुणाचं?"

"वेड पांघरू नकोस. ज्या बाईचं नाव माझ्या नवऱ्याने खाडीला दिलं तिचं. मी रडणार नाही, तमाशा करणार नाही. पुढच्या आठवड्यात मी इथून जाणार. नाव तेवढं दे."

ताहिर तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे. मलाच तेवढं नाही."

ताहिरने नांगर ओढून घेतला. इंजिन सुरू केलं, चाक फिरवलं. मग समोर बघतच म्हणाला, "तोंडावर सांगायचं माझ्याच्याने होणार नाही. माईकवर ऐका. हिल्मीदादा सांगायचे तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही."

खाडी छोटीशीच होती. पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, तळाचे पांढरे गोटे वरून मोजता यावेत इतकं नितळ पाणी. सानियेने दोन्ही काठांवर नजर फिरवली, जणू ती लाल पोशाखवाली अजून कुठल्यातरी खडकावर बसलेली असेल. ताहिरने इंजिन बंद केलं, संगीतही बंद केलं.

"मंडळी, ही बोट माझे वस्ताद हिल्मी कप्तान यांची. या खाडीची गोष्ट ते रोज सांगायचे, त्यांच्याच शब्दांत ऐका." आणि त्याने घसा खाकरला. हुबेहूब हिल्मीचं खाकरणं. सानियेने कठडा धरला.

"या खाडीला नकाशात नाव नाही. ते मी ठेवलंय. मी खलाशी होतो तेव्हा समोरच्या जुंदा बेटावर एक मुलगी बघायचो. बापाच्या होडीच्या टोकावर उभी राहायची, कशाला न धरता. लाटा येऊ देत, वारा येऊ दे, ही आपली सरळ. मी म्हटलं, करीन तर हिच्याशीच. तिच्या बापाने दोनदा हाकलून दिलं. तिसऱ्यांदा मी दारातून उठलोच नाही. हे तिला ठाऊक नाही. तिला वाटतं, म्हाताऱ्यांनी जमवलं."

लोक हसले. पेरिहानबाईंनी बिया खाणं थांबवलं.

"मघाशी तुम्ही चाटूनपुसून खाल्लंत ना, ते वांगं तिच्या हातचं. ही जागा मी तिच्यासाठी शोधली. घरी सांगायला मला जमत नाही. इथे तुमच्यासमोर बडबडतो आणि तिच्यासमोर उभा राहिलो की छप्पर गळतंय एवढंच तोंडातून निघतं. म्हणून ठरवलं, इथे आणायचं आणि इंजिन बंद करून सांगायचं. दर वर्षी पहिल्या दिवशी विचारतो. म्हणते, मला बोट लागते. हसा, हसा! टोकावर हात सोडून उभी राहणारी मुलगी! खोटं बोलते, ते मला कळतं. का बोलते, ते कळत नाही. वादळाला नाही मी भीत, पण तिला भितो. कधीतरी येईल. तोवर तुम्ही पोहून घ्या. आणि पाणी स्वच्छ ठेवा, तिचं आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी शीळ घातली. मग नेहमीसारख्या उड्या सुरू झाल्या आणि पेरिहानबाईसुद्धा डोळे पुसत शिडीवरून पाण्यात उतरल्या.

सानिये उभीच होती. ज्या बाईचा तिने इतकी वर्षं दुस्वास केला, जिच्या नावाने उशीत तोंड खुपसून रडली, ती रोज पहाटे तिच्याच चुलीपाशी वांगी सोलत बसली होती. ताहिर माईक ठेवून जवळ आला.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज चढला नाही.

"आम्हाला वाटायचं, लाडकी कोण हे तरी तुम्हाला माहीत आहे. धक्क्यावर सगळे तुम्हाला म्हणायचेच की, वहिनी, लाडकीच्या खाडीला कधी येताय म्हणून."

"मला वाटायचं खिजवतात."

"आणि बाकीच्याची दादांनी शपथ घातली होती. म्हणायचे, मलाच सांगायचंय, मध्ये तोंड घालू नका."

"सांगायचं होतं तर सांगायचं ना मेल्याने! घर काय समुद्रात होतं?" ती भडकली आणि लगेच विझली. "आणि मीही काय दिवे लावले. एक शब्द विचारला असता."

पाण्यात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. ताहिरने कुणाची तरी ओली चप्पल उचलून बाजूला ठेवली.

"शेवटच्या वर्षी त्याने विचारलं नाही," सानिये म्हणाली.

"कसे विचारणार, वहिनी? अंथरुणाला खिळले होते. पहिल्या दिवशी बोट आम्हीच काढली."

"ठाऊक आहे. मीच त्याला पाठीशी उशा लावून बसवलं होतं. खिडकीतून सगळ्यांचे भोंगे ऐकू येत होते. हा नुरीचा, हा शाबानचा, असं ओळखत बसला होता. तुझा भोंगा वाजला तेव्हा माझ्याकडे बघितलं त्याने. मी वाट बघत होते. आता विचारेल, मग विचारेल. ठरवून बसले होते, ताहिर. लाडकी गेली खड्ड्यात म्हटलं. त्या वेळी मी हो म्हणणार होते."

ताहिरने तोंड फिरवलं. मग लोकांना परत बोलवायचा भोंगा द्यायचा होता, पण त्याने तो दिला नाही. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बोट तिथे थांबली आणि कुणी तक्रार केली नाही. सानिये टोकाशी गेली, चपला काढल्या आणि कठड्याला हात न लावता उभी राहिली. पायाखाली बोट हलकेच वर खाली होत होती.

पेरिहानबाई शिडीवरून धापा टाकत वर आल्या आणि टॉवेलने केस खसाखसा पुसू लागल्या.

"काय पाणी आहे हो! तुम्ही नाही उतरलात? आणि काय माणूस म्हणायचा तो. इतका जीव टाकणारा नवरा आणि ती बाई बघा, ढिम्म." त्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही इथल्याच दिसता. शेवटी आली का हो ती?"

"आली," सानिये म्हणाली.

"आली? अल्लाची कृपा! मग? सांगितलं का त्याने तिला?"

"नाही हो. ती आली तोवर तो गेला होता."

पेरिहानबाईंनी केस पुसता पुसता तिच्याकडे बघितलं. मग टोकावर कशाला न धरता रोवलेल्या तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं. टॉवेल बाजूला टाकून त्यांनी सानियेचा मोकळा हात हातात घेतला.