मांडीवरचे हात

"हात सैल सोड. धरल्यासारखे नको, ठेवल्यासारखे पायजेत," हिरामण म्हणाला.

मोनालीनं मांडीवरचे हात उचलले, झटकले आणि पुन्हा ठेवले. खिडकीशी खुर्ची, डावीकडून येणारा सकाळचा उजेड, अंगावर थोरल्या बहिणीची निळी साडी, सगळं बापानं सांगितलं होतं तसंच होतं. हिरामणनं कोळशाच्या कांडीनं कागदावर मनगटाची रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली आणि पुन्हा पुसली.

दाराशी उभी असलेली तिची आई इंदू न राहवून बोललीच. "कायले त्या पोरीले तरास देऊन राहिले? ते हात प्रज्ञाचे नाईत. कितीक डाव ठेवले तरी तिचे होनार नाईत."

मोनालीचा चेहरा पडला. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. इंदूही तिच्या मागून गेली. खुर्ची तेवढी खिडकीशी राहिली.

सौसरच्या बाजारात हिरामण पेंटर कुणाला माहीत नाही असं नव्हतं. एके काळी निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, पण माणसं काही मरायची थांबली नाहीत, म्हणून तसबिरींचं काम टिकलं, असं तो चहाच्या टपरीवर हसत हसत सांगायचा. थोरली पोरगी गेल्यापासून त्यानं ते सांगणं सोडलं होतं.

कामाच्या बाबतीत गडी मोठा हट्टी. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा त्याचा नेम. नवं चित्र हाती घेतलं की आधी तळहाताएवढ्या कागदांवर मांडणी करायची, माणूस कुठं बसेल, उजेड कुठून येईल, काळोख कुठं साचेल. मग कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा पातळ हात फिरवायचा, कारण कोऱ्या पांढऱ्यावर रंगाची खरी पारख होत नाही. त्यावर कोळसा, आणि मग चेहरा. अंगाचं काम चेहऱ्यानंतर.

खरी पंचाईत अंगाचीच असायची. लोक फोटो आणायचे तो आधार कार्डाचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. गळ्याखाली काही नसायचंच. मग हिरामण घरच्यांकडून गेलेल्या बाईची साडी मागून आणायचा आणि शाळेत जाणाऱ्या प्रज्ञाला ती नेसवून खिडकीशी बसवायचा. मेलेल्या बाईची साडी लेकराच्या अंगावर, म्हणून इंदू सुरुवातीला कुरकुरली. प्रज्ञा मात्र खिदळत म्हणायची, "आपन मानतो का असलं काई? सांगा बाबा, आज कोनाची माय आहो मी?"

ती पुढं शिकली, लहान मुलांच्या शाळेत बाई झाली, तरी रविवारी खिडकीशी बसणं सुटलं नाही. अशा रीतीनं मोहगावपासून सावरगावपर्यंत कितीतरी घरांत भिंतीवर चेहरा त्यांच्या आईचा आणि खांदे हिरामणच्या लेकीचे. हे पेंटरच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. एकदा ती म्हणाली होती, "बाबा, एखाद्या दिवशी माहं चित्र काढा ना, माह्याच साडीत." ब्रश पुसता पुसता हिरामण म्हणाला होता, "काढू ना. तू काय कुठी पळून चालली का?"

मग तिच्या किडन्या गेल्या. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात पोरगी गेली.

आता तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाला चित्र व्हावं म्हणून बाप बसला होता. चेहऱ्याची अडचण नव्हती. मोबाइलमध्ये तिचे फोटो भरपूर, पण सगळे तिनं स्वतःच काढलेले, हात फोटोबाहेर. आणि हिरामणनं डोळे मिटले की दिसायचे ते दवाखान्यातले हात, डायलिसिसच्या सुयांनी सुजलेले, दोरीसारख्या शिरा वर आलेले. त्याआधीचे हात आठवतच नव्हते. आपल्या डोळ्यांचा त्याला आयुष्यभर अभिमान होता, आणि त्याच डोळ्यांनी पोरीचं एवढंच जपून ठेवलं होतं. आता तेवढंच उरणार की काय, याची त्याला भीती वाटायची.

इंदू चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "रामाकोन्याच्या बाईच्या तसबिरीत पुरे हात होते ना? नत्थूजीच्या घरी."

हिरामण चहा तसाच ठेवून उठला. बाकीच्या तसबिरी छातीपर्यंतच्या. पण रामाकोन्याच्या नत्थूजींनी हट्ट धरला होता, "माही मनकर्णा बसेल पायजे, ओसरीवर बसे तशी." आणि प्रज्ञा मनकर्णाबाईंची लुगड्यासारखी जाड साडी नेसून, हातावर हात ठेवून, सलग दोन रविवार बसली होती.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्याच बसनं निघाला.

नत्थूजींच्या अंगणात संत्र्यांचे कॅरेट रचलेले होते. नत्थूजी चांगलेच थकले होते, पण त्यांनी हिरामणला लगेच ओळखलं. "या जी, पेंटरजी! दिपाली, पानी आन व," त्यांनी सुनेला हाक मारली. "आज कशी वाट चुकले?"

"तसबीर पाहाले आलो. पुष्कळ वर्सं झाले. रंग कसा हाय म्हटलं, पाहून घ्यावं," हिरामण म्हणाला. तसं खोटंही नव्हतं.

तसबीर ओसरीवरच होती, बसल्या माणसाच्या उंचीवर टांगलेली. नत्थूजींनी हार बाजूला केला. हिरामणनं आधी खालीच, हातांकडं पाहिलं. खालच्या हाताचा अंगठा जसाच्या तसा होता, मनगटही होतं. वरच्या हाताची बोटं मात्र गेली होती. रंग झिजून झिजून कॅनव्हासचं सूत दिसत होतं.

"थो रंग माह्यानंच गेला जी," नत्थूजी ओशाळून म्हणाले. "सून रागावते, हात लावू नका म्हनते. पन सकाळी उठलो का पयले इथीच येतो. बसतो, हात ठेवतो, वावरातलं सांगतो. चेहरा तर तुमी फोटोवरून काढला, बरा हाय. पन हात! हात कसे आनले जी तुमी? बिल्कुल तिचे. तशेच ठेवे ती, काम झालं का. हात पाहिले का मले वाटते, बसली हाय माही मनकर्णा."

हिरामणच्या पिशवीत कागद होता, कोळसा होता. काढला असता तर म्हातारा विचारणार होता, कशाला उतरवून राहिले जी? आणि मग सांगावं लागलं असतं. हे हात माझ्या पोरीचे आहेत, मला ते परत पाहिजेत. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्यानंतर नत्थूजींनी रोज सकाळी उठून कुठं बसायचं होतं? हिरामणनं पिशवी पायाशी सरकवली आणि नुसता पाहत राहिला. अंगठा किती आत वळलाय. मनगटाच्या हाडावर उजेड कुठं थांबलाय. डोळ्यांना आजवर एवढं कामाला त्यानं कधी लावलं नव्हतं.

"तुमच्यासंग पोरगी आली होती ना, साडी न्याले? हसमुख होती," नत्थूजी म्हणाले. "कशी हाय?"

"गेली जी. किडनीनं. वर्स होईल आता."

दिपाली पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. मग म्हातारा काठी टेकत उठला, हिरामणजवळ आला आणि त्यानं त्याचा हात धरला.

"मी कोनाले हात लावू देत नाई इथी. नातवाईलेबी नाई," तो म्हणाला. "पन तुमी लावा जी. लय आठोन आली का मी असा ठेवतो. बरं वाटते. ठेवा."

आणि त्यानं हिरामणची बोटं त्या झिजलेल्या जागेवर टेकवली. आपण काय देऊन राहिलो हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं. हिरामण भिंतीशी तोंड करून लहान पोरासारखा रडला, आणि नत्थूजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी आल्यावर त्यानं कॅनव्हासला तपकिरी हात दिला, वाळू दिला आणि दुसऱ्या सकाळी उभ्या जन्माची सवय मोडून चेहऱ्याआधी हातांना सुरुवात केली. अंगठा आला, मनगट आलं. ओळखीचं होतं. इंदू मागं येऊन उभी राहिली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"वरच्या हाताचे बोटं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"तिथी नाई राहिले. बुढ्याजीनं हात फिरवून फिरवून पुसले. रोज बसते म्हने तिथी."

"रोज?"

"रोज."

इंदू बोटांच्या रिकाम्या जागेकडं पाहत राहिली. "म्हंजे आपल्या पोरीचा हात," ती सावकाश म्हणाली, "कोनीतरी रोज धरून राहिलं."

हिरामणनं मान हलवली.

"सांगतलं का त्याईले?"

"नाई."

"बरं केलं. मीबी नाई सांगनार. पन मले एक डाव घेऊन चाला."

त्या रविवारी दोघं रामाकोन्याला गेले. मनकर्णाबाईंची तसबीर घरच्या बाईला पाहायची होती, असं हिरामणनं सांगितलं. नत्थूजी म्हणाले, मायबाई, या, पेंटरजींसारखा तुम्हीही हात लावा. दिपालीनं पाय धुवायला पाणी पुढं केलं. इंदूनं पाय धुतले. मग तांब्या पुन्हा मागून घेतला, अंगणाच्या कडेला उकिडवी बसली आणि आपले दोन्ही हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले. पदराला पुसले नाहीत. ओसरीच्या पायरीशी उभी राहून ती ते वाळायची वाट पाहू लागली.