खोलगट शब्द

मेघाच्या वर्गातली मुलं अंतर्गोल आरसा आणि बहिर्गोल आरसा यांची हटकून अदलाबदल करायची. आठवीचा वर्ग, मराठी माध्यम. आमटीचा डाव हातात देऊन दाखवला तरी त्याचं पोट कुठलं आणि पाठ कुठली, यावर वाद घालत बसायची. शेवटी त्या शनिवारी दुपारी चहाचे कप बाजूला सारून मेघा सासूला म्हणाली, "आई, पुस्तकातले राहू द्या, तुम्ही मला घरातले शब्द सांगा. आत वळलेलं जे जे असेल ते सगळं."

अरुंधतीबाईंना तेवढं निमित्त पुरे होतं. एरवी प्रताप नगरातल्या त्या घरात सध्या बोलायला विषयच उरला नव्हता. बैठकीत बांधलेली खोकी रचून ठेवलेली होती. पुढच्या रविवारी मुलगा गौरांग, मेघा आणि त्यांची लहानगी चिन्मयी वर्धा रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. "मेघाला शाळा जवळ पडेल," असं गौरांगनं सांगितलं होतं. शाळा तर तिथून उलट लांब होती. अरुंधतीबाईंच्या ते लक्षात आलं होतं, पण विचारलं आणि खरं उत्तर मिळालं तर काय करायचं, या भीतीनं त्या गप्प राहिल्या होत्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "एका हाताचा तो पसा, दोन हातांची ती ओंजळ. दारी आलेल्याला धान्य पसाभर द्यायचं, सूर्याला पाणी मात्र ओंजळीनं. पानाचा द्रोण. झाडाला असते ती ढोली, त्यात पोपट राहतो. जमिनीत खळगा."

"आणि गालावर खळगी?"

"खळी! खळगा रस्त्यावर पडतो गं, गालावर नाही. आणि भांड्याला पडतो तो पोचा."

"बाबांच्या डोक्याला पोचा आहे का?" चिन्मयीनं टेबलाखालून विचारलं.

"लहानपणी दोनदा पलंगावरून पडला तो, असेलही."

"आणि त्यांचं पोट?" मेघानं विचारलं.

"ते बहिर्गोल. माझ्या घरी असताना नव्हतं हो तसं, तुझ्या हातचं खाऊन झालं."

मेघा खळखळून हसली. "आमच्या आजीच्या खाटेले इतका झोळ होता आई, का माणूस बसला की दिसतच नाही. पाहुणे विचारत, तुळसाबाई गेल्या कुठं?"

"झोळ! छान आठवला, लिही तोही. आणि खोबण लिही. खोबण म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तिच्यात बसणारी वस्तू आधी ठरलेली असते. दाराची, खुंटीची, डोळ्याची. पुरण भरायला कणकेची करतो ती पारी..."

असं बराच वेळ चाललं. अरुंधतीबाईंना किती दिवसांनी आपलं घर भरल्यासारखं वाटत होतं. बोलण्याच्या भरात त्या म्हणाल्या, "आणि मुख्य ती राहिलीच की! ओटी. दोन्ही हातांनी पदर पुढं धरला की जी खोल जागा होते, ती."

मेघाचं पेन थांबलं.

"ती नको सांगायला वर्गात."

"काहून गं?"

"मला तिचं काही सांगता येणार नाही, आई. माझी तुम्ही कुठं भरली?"

टेबलाखाली चिन्मयी खडूनं फरशीवर काही काढत होती. मेघानं तिला आत पाठवलं.

अरुंधतीबाईंना तो दिवस लख्ख आठवला. मेघाचं डोहाळजेवण. अरुंधतीबाईंचे यजमान श्रीधरराव यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. गहू, खण, नारळ, सगळं त्यांनीच ताटात मांडलं होतं. खण आणायला भर उन्हात स्वतः गांधीबागेत गेल्या होत्या, हिरवा पसंत पडेना म्हणून सगळी ओळ पालथी घातली होती. आणि वेळ आली तेव्हा ताट शेजारच्या रंभाबाईंच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. कुणी बसवलं नव्हतं. लहानपणी त्यांची विधवा आत्या प्रत्येक मंगलकार्यात कोठीच्या खोलीत बसून सुपाऱ्या निवडायची. कॉलेजात असताना या चालीवर तावातावानं बोलणाऱ्या अरुंधतीबाईंचे पाय त्या दिवशी आपोआप आतच वळले. पहिलंवहिलं बाळंतपण. आपल्या हातानं काही वेडंवाकडं नको.

"अगं, मी अशी," त्यांनी कपाळाकडे हात नेला. "ओटी सवाशिणीनं भरायची असते. तुला काही होऊ नये म्हणून मी..."

मेघानं पेन खाली ठेवलं.

"माझी आजीपण विधवाच होती नं आई. पांढरं लुगडं नेसून आली आणि सगळ्यांच्या आधी उठली. तिनं माझी ओटी भरली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या."

"पाहत होते. तुझ्या आजीचा मला हेवा वाटत होता."

"मला माहेरी नेताना ऑटोत ती म्हणाली, 'बाई चांगली हाय तुयी सासू, पण तुले हात लावाले आखडते वं.' मी आजीशी भांडले. म्हटलं, मी वेगळ्या जातीची असले तरी माझ्या सासरी जात वगैरे कोणी पाहत नाही. मग बारशाला तुम्ही चिन्मयीला पाळण्यात घातलं नाही. संक्रांतीला मला हळदीकुंकू लावायला रंभाकाकूंना बोलावलं. दर वेळी मी मनात आजीशी भांडत होते, आणि दर वेळी तीच जिंकत होती."

"मेघा, जातीचं माझ्या मनातसुद्धा..."

"हो. आता कळलं. पण मला कसं कळणार होतं? आमच्या माहेरी आजीला कधी कोणी आत बसवलं नाही. बाई स्वतःहून आत जाऊन बसते, हे मी पाहिलंच नव्हतं. एक वाक्य सांगायचं होतं नं."

"मला वाटलं, हे काय सांगायचं. सगळ्यांना ठाऊकच असतं."

अरुंधतीबाई उठल्या. देवघरात नारळ होता. तो आणि सुपात गहू घेऊन आल्या. "आता भरते. धर ओढणी."

मेघानं ओढणी धरली नाही. उठून त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि खाली ठेवलं.

"नको, आई. आता भरली तर ती तुमच्या समाधानासाठी होईल. माझ्या पोटात तेव्हा लेकरू होतं. मला ती तेव्हा पाहिजे होती."

"मग फ्लॅट?"

"किल्ली घेतली आहे. आणि खरं सांगू का, माझं मन तिकडं कधीचं राहायला गेलं. आता एकदम परत बोलावलं तर येणार नाही ते." मग ती म्हणाली, "पण तिथं दूध तुम्हीच उतू घालायचं. रंभाकाकूंना पाठवायचं नाही."

रविवारी अरुंधतीबाई गेल्या. ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसल्या. नव्या ओट्यापाशी मेघाची आई, मोनाली, त्यांची वाट पाहत उभी होती. तिनं काडेपेटी त्यांच्या हातात दिली. दूध वर आलं, कडेवरून सांडलं, चिन्मयीनं टाळ्या पिटल्या. काही वेडंवाकडं झालं नाही. इतकं सोपं होतं ते.

ओट्यावर दूध पसरलेलं पाहून सवयीनं त्यांनी फडक्यासाठी हात पुढं केला. तिथं फडकं नव्हतं. त्यांनी एक खण उघडला, मग दुसरा. या घरात फडकी कुठं ठेवतात ते त्यांना माहीत नव्हतं.

"राहू द्या आई, मी पुसते. तुम्ही बाहेर बसा," मेघा म्हणाली. रागावून नाही, अगदी मायेनं म्हणाली.

त्या बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळानं मेघा त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. पेला ट्रेमध्ये ठेवलेला होता. प्रताप नगरच्या घरात तिनं त्यांना कधी ट्रेमधून पाणी दिलं नव्हतं.

अरुंधतीबाईंनी पेला उचलला. "तू बस गं थोडी," असं त्यांना म्हणायचं होतं, ते न म्हणताच त्या पाणी प्यायल्या.