ट्रायलला न आलेला कोट

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि जुनी म्हणून कुणी माझी कीव केलेली मला खपत नाही. मित्रांनो, तुमच्या अंगावरचं कापड धड बसलंय ना? मग आधी माझ्यासारखीला हात जोडा आणि पुढचं ऐका.

माझं धूड लोखंडाचं. कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग देऊन मानेवर सोनेरी वेलबुट्टी काढली. मालकीण नवी नवरी होती तेव्हा या खोलीत आले. रोज तेल, रोज फडकं! कौतुक माझ्या टाक्याचं, मान ताठ मालकिणीची. आता पोटात धूळ आणि बॉबिनपाशी दोऱ्यांचा गुंता. जरा कुरकुरले की पाठीत थापट बसते.

मालकीण हाताची कसबी, तोंडाची तिखट. तिचा एक नियम होता. कापड आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचं, गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचं, अंगावर बघायचं आणि मगच माझ्याखाली पक्कं शिवायचं. जो ट्रायलला येणार नाही त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार. शाळेतल्या एका बाईंचा राखाडी कोट असाच खुंटीवर लोंबत होता.

"एकदा माप दिलं की झालं वाटतं यांना!" मालकीण करवादायची. "अंग काय दगडाचं आहे, आहे तसंच राहायला?"

शेजारच्या स्टुलावर तिची धाकटी जाऊ काजं करायची. गेल्या वर्षी तिनेच मालकिणीला ओढून दवाखान्यात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी दोघींनी केली. जावेचं सगळं साफ आलं. मालकिणीच्या पेशी चांगल्या निघाल्या, पण एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षाने परत या.

घरी येऊन तिने असं काही पायडल हाणलं की माझी सुई मोडली. तिचा राग, माझी सुई!

"ह्यांनी आणली असणार ही घाण," ती म्हणाली. "आजपासून त्यांच्याशी बोलणं बंद."

"ताई, जरा ऐका तरी," जाऊ म्हणाली. "नवराबायकोत हा येतो-जातो. बहुतेकांना कधी ना कधी होतोच. वर्षानुवर्षं गप्प बसतो, कधीचा, कुणाकडून, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. दादांना कशाला सुळावर चढवता? बहुतेकींचं अंग तो आपणच घालवतं. जो ठाण मांडून बसतो, तो पुढे पेशी बिघडवतो. म्हणून तर परत बघायचं."

"फार शिकलीस. काजं कर."

वर्ष सरलं. दवाखान्याचा फोन आला. मालकीण म्हणाली, "मला दुखत नाही, खुपत नाही. पेशी चांगल्या होत्या ना? मग कशाला?" फोन आपटला आणि वळून लागलीच कोटवालीच्या नावाने ठणाणा सुरू. काय म्हणावं या बाईला! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

जावेने उठून तो कोट खुंटीवरून ओढला आणि माझ्या अंगावर फेकला.

"हिला शिव्या देता ना? तुमचीही ट्रायल ठरली होती ताई. तुम्हीही एकदा माप देऊन आलात आणि बसलात. तुमचं अंग दगडाचं आहे का?"

"तोंड आवर!"

"नाही आवरत. उद्या तुम्ही आडव्या पडलात तर या मशीनवर कोण बसणार? मला सरळ शिवण येत नाही."

मालकिणीचा हात माझ्या चाकावर होता. चाक फिरलं नाही. कोटाचे पांढरे कच्चे टाके ती बोटाने चाचपत राहिली. दुसऱ्या दिवशी शिवणकाम बंद होतं, दोघी दवाखान्यात गेल्या होत्या.

विषाणू गेला नव्हता. मुक्काम ठोकून होता. मग दुर्बिणीतून पाहिलं, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेल्या पेशी होत्या. तेवढा भाग काढून टाकला. त्या दिवशी नवरा तिला घेऊन आला. दोघं बोलत नव्हती, पण तिची पिशवी त्याच्या हातात होती.

"आता सुटलात ना?" जावेने विचारलं.

"कुठची सुटते! सहा महिन्यांनी परत बोलावलंय." मालकीण माझ्यासमोर बसली आणि तिने फोन उचलला. "बाई, कोट न्यायला नाही, घालून दाखवायला या. उद्याच. नाही आलात तर वर्गात येऊन अंगात चढवीन, पोरांसमोर!"

मित्रांनो, माझ्या पोटात अजून धूळ आहे. तेलासाठी मी तुमच्यापुढे हात पसरणार नाही. एकच काम करा. घरी जाऊन आईला, मावशीला, काकूला विचारा. "तपासून आलीस का?" एवढ्यावर थांबू नका. "परत कधी बोलावलंय?" हे विचारा. आणि ती म्हणालीच, "मला कुठे काय दुखतंय," तर माझं नाव घेऊन सांगा: कापड फाटल्यावरच बघायचं असतं, तर कच्चा टाका घातला कशाला?