विचारता विचारता

"शी!" तो इतक्या मोठ्यांदा म्हणाला, की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या आणि एकमेकांकडे बघून हसले. चाळणीला काहीतरी सापडलं होतं.

चाळणी हे त्याचं ऑफिसातलं नाव. इतरांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनवर चढायच्या आधी त्याच्या नजरेखालून जायचा आणि सहजासहजी पुढे सुटायचा नाही. पन्नाशी उलटली, केस गेले, चार साहेब आले नि गेले. पण काही ओळी दिसल्या की त्याला अजून मळमळायचं, घासात केस निघाल्यासारखं.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," टीमच्या लीडरबाई खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाल्या. "आता काय झालं?"

प्रोग्रामचं काम साधंच होतं. गोदामातल्या पट्ट्यावरून एकेक पार्सल घ्यायचं, पत्ता वाचायचा, ठरलेल्या खणात ढकलायचं. दर फेरीला 'अजून आहे का?' असं विचारायचं; नसेल तर थांबायचं. तो झाला लूप, आणि तो प्रश्न ही त्याची अट. पण बाईंनी प्रश्नाच्या जागीच घ्यायचं कामही उरकलं होतं. अटीच्या कंसातच लिहिलं होतं: पुढचं पार्सल घे, आणि मिळालं तर आत जा.

"अट म्हणजे प्रश्न असतो, बाई. प्रश्न विचारताना हात मागे ठेवावेत. तुम्ही 'आहे का, आहे का' करता करता उचलूनच मोकळ्या!"

"अहो, उचलल्याशिवाय आहे की नाही ते कळणार कसं? आणि तुमच्या पद्धतीनं घ्यायची ओळ दोनदा लिहावी लागते. एकदा लूपच्या आधी, एकदा आत शेवटी. दुसरी विसरली, की एकच पार्सल जन्मभर गरगरत बसेल. माझ्यात बघा, हात रिकामा आला की आपोआप थांबतं."

"वाचणाऱ्याला वाटतं, नुसतं विचारतायत. तो बेसावध असतो. तेवढ्यात वस्तू गेलेली असते."

"जगभर चालतं हो हे!"

"म्हणूनच जास्त घाण वाटते." त्यानं ओळ परत पाठवली. बाईंनी कोपरापासून हात जोडले. बाईंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि त्यामुळे तो जास्तच चिडला होता. पण वाद घालायला आज वेळ नव्हता. दुपारी आईला हलवायचं होतं.

आई तिच्या जुन्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. डावा हात चालायचा, मानही हलायची. फक्त उत्तर द्यायला तिला फार वेळ लागायचा. आता तिला एका संस्थेत ठेवायचं ठरलं होतं. संस्था त्यानंच शोधली होती. स्वच्छ, हवेशीर.

तो पोचला तेव्हा ताई आणि धाकटा भाऊ आधीच येऊन कामाला लागले होते. काम म्हणजे काय, तर लूट. ताईच्या दोन पिशव्या तट्ट फुगल्या होत्या.

"आई, हे स्टीलचे डबे नेऊ ना गं? तुला कुठं लागणारेत आता?" असं विचारताना ताईच्या हाताखाली डबे वर्तमानपत्रात गुंडाळले जात होते. आईनं मान कलती करायला सुरुवात केली. होकाराकडे की नकाराकडे, ते कळायच्या आत ताई पुढच्या फळीपाशी पोचली. "आणि ही दुलई? घेते हं."

धाकटा तिच्याही वरताण. "आई, पंखा काढू का?" असं तो शिडीवरून विचारत होता आणि पंखा त्याच्या काखेत होता.

किळस, किळस आली त्याला. सख्खी भावंडं, धडधाकट, कमावती! त्याला लीडरबाई आठवल्या. हात रिकामा आला की आपोआप थांबतं. खरंच की, ही दोघंही एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जात, काही मिळेनासं झालं की मगच थांबणार होती. एक वस्तू मात्र जाऊ द्यायची नाही, असं तो आधीच ठरवून आला होता: आईचा रेडिओ. सेलवर चालणारा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. झटक्यापासून दिवसभर तोच तिच्याशी बोलत होता.

धाकट्यानं शिडीवरून उतरून हात झटकले आणि उशाशी असलेला रेडिओ उचलला. "आई, हा गाडीत ठेवू का गं माझ्या? तिथं हॉलमध्ये टीव्ही आहे म्हणे."

"खाली ठेव!"

"अरे, विचारतोय ना मी?"

"विचारतोयस? लाज नाही वाटत? उत्तर येईपर्यंत थांबलास का एकदा तरी? दोघांपैकी कोणी थांबलंय मघापासून?" त्याचा आवाज चिरकला. त्यानं रेडिओ हिसकावून घेतला, आईच्या पलंगावर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. "आई, हा रेडिओ याला द्यायचा का?"

सगळे थांबले. ताईनं उसासा टाकला. धाकटा मोबाइल बघू लागला. आईचे ओठ हलले, आवाज आला नाही. डावा हात पांघरुणावरून निघाला, वाटेत दमला, थांबला, पुन्हा निघाला. रेडिओपाशी पोचला. तिनं तो ओढून पोटावर घेतला आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. नाही.

"मिळालं उत्तर?" तो म्हणाला. त्याला रडूच येणार होतं.

"ठेव बाबा, ठेव," धाकटा पुटपुटला. "एवढं काय त्या डबड्यात!"

तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर चाकांची खुर्ची घेऊन दारात आला. "आवरा साहेब, गल्लीत गाडी आडवी लागलीय. मागचे शिव्या घालतायत."

ड्रायव्हरकडे न बघता आई रेडिओवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. इतकं थेट तिनं कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. तिला वाटत असावं, आता तो पुढचंही विचारेल. आणि त्याला एकदम आठवलं, संस्थेबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. खोली ठरवून आल्यावर त्यानं तिला नुसतं सांगितलं होतं. तेव्हा तो मनाशी म्हणाला होता, तिला कुठं उत्तर देता येतंय! येत होतं. आत्ताच सगळ्यांदेखत दिलं होतं तिनं.

त्याच्या घरातली एकुलती मोकळी खोली ताब्यात घ्यायला त्याचा मुलगा कधीचा टपला होता. बायकोनं महिन्यापूर्वीच हात वर केले होते. ताईकडे सासू, धाकट्याकडे लिफ्ट नसलेला तिसरा मजला. सगळी कारणं खरी होती आणि सगळ्यांची त्याला आत्ता शिसारी आली.

तो पलंगावर वाकला. "आई," तो म्हणाला, "तिथं जायचं ना आपण?"

आईची मान हलायला लागली. हळूहळू, तिला लागायचा तेवढा वेळ घेत.

त्यानं ती कुठल्या बाजूला वळते ते पाहिलं नाही. विचारतानाच त्याचा एक हात तिच्या पाठीखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली गेला होता. त्यानं तिला उचललं. ती फारच हलकी झाली होती.

खुर्चीत बसवल्यावर आईनं मान हलवायची थांबवली. ताई म्हणाली, "बघ, कशी शहाण्यासारखी बसली." ड्रायव्हरनं खुर्ची दाराकडे वळवली, तशी तिच्या मांडीवरच्या रेडिओची लांब एरियल चौकटीला अडली. ड्रायव्हर ती धरायला पुढे झाला.

आईनं त्याचा हात बाजूला सारला आणि आपल्या डाव्या हातानं, घाई न करता, एकेक नळी आत दाबत एरियल पूर्ण मिटवली.